इरले कोणी घडविले?

आषाढाचा पाऊस पोलादपूरच्या डोंगरांवर उतरला की सह्याद्रीचे कडे आठ-आठ दिवस दिसत नाहीत. आंबेनळी आणि वरंध या दोन घाटांच्या पायथ्याशी पसरलेला महाड-पोलादपूरचा हा मुलूख वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलतो, आणि त्यातील बहुतेक सारा पाऊस चार महिन्यांतच कोसळतो. भातलावणीचे दिवसही तेच. घरचा कर्ता पुरुष बहुधा मुंबईत नोकरीला. त्यामुळे शेत सांभाळते ते गावाकडची बाई. पोटरीभर चिखलात, कमरेतून वाकून, डाव्या हातात रोपांची जुडी धरून ती उजव्या हाताने एकेक चूड रोवीत मागे मागे सरकत जाते. सकाळी शेतात उतरलेली ही बाई अंधारून येईपर्यंत पावसातच असते. पूर्वी तिच्या डोक्यावरून पाठीवर पालथ्या होडीसारखे एक इरले असे. आता ते क्वचित दिसते.

या इरल्याकडे जरा नीट पाहिले पाहिजे. बांबूच्या पातळ कामट्यांची दोन पदरी जाळी आणि त्या दोन पदरांच्या मध्ये दाबून बसवलेली पळसासारखी रुंद पाने, एवढेच त्याचे साहित्य. त्याला दांडा नाही, मूठ नाही, बटण नाही. डोक्याशी ते फण्यासारखे गोल होते, पाठीवर पसरते आणि कमरेच्या खाली जाऊन संपते. वाकलेल्या माणसाच्या पाठीवर त्याचा भार सारखा विभागला जातो, पाणी दोन्ही अंगांनी निथळून जाते, पोटाकडची बाजू मोकळी राहिल्यामुळे वारा खेळतो आणि अंगातली ऊब मात्र पाठीशी टिकून राहते. मुख्य म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. छत्री ही उभ्या माणसासाठी, चालणाऱ्या माणसासाठी, आणि ज्याचा एक हात रिकामा आहे अशा माणसासाठी केलेली वस्तू आहे. रेनकोट बाहेरचे पाणी अडवतो खरा, पण कष्ट करणाऱ्याला आतून घामाने भिजवतो. इरल्याने वाकून काम करणाऱ्या देहाचा विचार केला आहे, आणि असा विचार करून घडवलेल्या वस्तू जगात फार नाहीत.

अलीकडे नित्याच्या वापरातील वस्तूंच्या कल्पक रचनेविषयी बरेच बोलले जाते. रंगीत पानांच्या नियतकालिकांतून मिलानच्या खुर्च्या आणि कोपनहेगनचे दिवे झळकतात. लिंबू पिळण्याचे यंत्र, न सांडणारा पेला, घडी होणारी बादली यांची छायाचित्रे पाहून वाचक थक्क होतो. त्यात गैर काही नाही. चांगली कल्पना कोठूनही आली तरी तिचे स्वागतच व्हावे. अमेरिकेत १९९० साली बाजारात आलेल्या ‘ऑक्सो’च्या साल काढण्याच्या सोलाण्याची गोष्ट या क्षेत्रात नेहमी सांगितली जाते. सॅम फार्बर या उद्योजकाच्या पत्नीला संधिवातामुळे सोलाण्याची बारीक धातूची मूठ धरवत नसे. त्यातून जाड, रबरी, बोटांना पकड देणारी मूठ निघाली, आणि दुखऱ्या हातांसाठी केलेली ती वस्तू धडधाकट हातांनाही हवीहवीशी वाटू लागली. या गोष्टीतला बोध साधा आहे. वस्तू घडवणाऱ्याने आधी हात पाहिला, मग मूठ केली. पण हात पाहण्याची ही विद्या १९९० साली न्यूयॉर्कमध्ये जन्माला आली असे मानण्याचे कारण नाही. पोलादपूरच्या खाचरात तिचा पुरावा कित्येक पिढ्या पाठीवर बाळगला जात होता.

महाडच्या बाजारात आजही मिळणारी एक आकडी घ्या. कमरेच्या दोरीला अडकवलेला एक आकडा आणि त्यात पाठीशी लटकणारा कोयता. डोंगर चढताना, झाडावर चढताना, राबासाठी कवळ तोडायला जाताना शेतकऱ्याला दोन्ही हात हवे असतात आणि धारदार पाते तर जवळच हवे असते. ते पुढे ठेवले तर मांडी कापेल, हातात धरले तर फांदी धरता येणार नाही. म्हणून ते पाठीशी, आणि हात मागे नेला की थेट मुठीवर पडेल अशा बेताने. किंवा विळी पाहावी. सुरीमध्ये भाजी स्थिर असते आणि पाते फिरते. विळीत पाते स्थिर आहे आणि भाजी फिरते. एका पायाने पाट दाबून धरला की दोन्ही हात भाजीला मिळतात, आणि तिच्या टोकाशी बसवलेली खवणी नारळाचे काम त्याच बैठकीत उरकते. चुलीच्या शेजारचा वैल म्हणजे वाया जाणाऱ्या आचेवर दुसरे भांडे ठेवण्याची सोय; इंधन न वाढवता दूध तापते, आमटी गरम राहते. डोक्यावरच्या घागरीचे बूड गोल का, तर चुंबळीत ते नीट बसावे म्हणून. गळा अरुंद का, तर पाऊलवाट चढताना पाणी हिंदकळून सांडू नये म्हणून. चुंबळ तरी काय? जुन्या लुगड्याचा पिळून केलेला एक वेटोळा. पण घागरीचा सारा भार डोक्याच्या एका बिंदूवर न येता वर्तुळभर पसरतो तो त्या वेटोळ्यामुळेच.

सुपाविषयी तर स्वतंत्रपणे लिहावे लागेल. मागची कड उंच, दोन्ही बाजू पुढे उतरत गेलेल्या आणि समोरची बाजू उघडी. एवढ्या आकारावर तीन निरनिराळी कामे होतात. वर झटका देऊन पाखडले की हलका कोंडा वाऱ्यावर पुढे उडतो आणि जड दाणा मागे पडतो. गोल फिरवून घोळले की कणी एकीकडे आणि अख्खा तांदूळ दुसरीकडे होतो. किंचित कलते धरून हलकेच ठोकले की खडे वेगळे होतात. वजन, आकार आणि घर्षण या तीन गुणांनुसार धान्य वेगळे करणारे हे साधन आहे. भातगिरणीतल्या यंत्रातही हीच तत्त्वे विजेच्या बळावर राबतात. सुपाच्या विणीतल्या फटी बुजाव्यात म्हणून ते शेणाने किंवा मेथी आणि जुन्या कागदाच्या लगद्याने सारवतात, म्हणजे पीठही गळत नाही आणि बांबूलाही लवकर कीड लागत नाही. फाटले तर कड पुन्हा बांधता येते. अगदीच निकामी झाले तर चुलीत जाते आणि मागे राख सोडून काही उरत नाही. ज्या वस्तूच्या जन्माबरोबरच तिच्या अंताचाही विचार झालेला असतो अशा वस्तू आजचे उद्योगजगत मोठ्या प्रयासाने शोधते आहे.

या विद्येची दखल बाहेरच्यांनी घेतली नाही असे नाही. अमेरिकेतील विख्यात रचनाकार चार्ल्स आणि रे ईम्स या दांपत्याला भारत सरकारने निमंत्रण दिले होते. देशभर फिरून त्यांनी १९५८ साली सरकारला अहवाल दिला. त्याच अहवालाच्या प्रेरणेतून १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. भारतात पाहिलेल्या वस्तूंमध्ये त्यांनी सर्वांत अधिक वाखाणला तो एखादा राजमुकुट वा सिंहासन नव्हे, तर साधा लोटा, आपला तांब्या. तो कमरेवर कसा बसतो, हातात कसा राहतो, भरलेला आणि रिता असताना त्याचा तोल कसा असतो, त्यातून पाणी ओतताना धार कशी पडते, तो घासायला किती सोपा आहे, अशा प्रश्नांची मालिकाच त्यांनी मांडली. असा लोटा कोणी एका व्यक्तीने घडवलेला नाही, पिढ्यानुपिढ्या असंख्य माणसांनी तो घडवत आणला, हे त्यांनी आवर्जून नोंदवले. महाराष्ट्रातही १९६९ साली पवईच्या आयआयटीत औद्योगिक डिझाइन केंद्र सुरू झाले. जर्मनीतील उल्म येथे शिकून आलेले सुधाकर नाडकर्णी हे त्याचे शिल्पकार. म्हणजे शास्त्रशुद्ध शिक्षणाची सोय होऊनही अर्धशतक उलटून गेले. मग तांब्या घडवणाऱ्या ‘असंख्य माणसां’ना त्यातून काय मिळाले?

हा प्रश्न महाडच्या भूमीवर विचारला की त्याला वेगळीच धार येते.

याच गावात २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. महाड नगरपालिकेने ते तळे सर्वांसाठी खुले असल्याचा ठराव त्याआधी तीन वर्षांपूर्वीच केलेला होता. पण ठराव कागदावर राहिला आणि तळ्याच्या पायऱ्या बंद राहिल्या. सत्याग्रहानंतर तळे ‘शुद्ध’ करण्याचा जो लाजिरवाणा विधी झाला त्यात १०८ घागरी पाणी उपसून, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही घालून, मंत्र म्हणत ते परत तळ्यात ओतले गेले. पुढे न्यायालयीन लढा दहा वर्षे चालला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला तेव्हा कोठे कायद्याने ते पाणी सर्वांचे झाले. त्या घागरी कोणी घडवल्या असतील? गोल बूड, अरुंद गळा, चुंबळीत बसणारा तोल हे सारे ज्ञान ज्या हातांत होते त्या हातांना समाजाच्या उतरंडीत कोणती पायरी मिळाली होती? वस्तू पवित्र आणि वस्तू करणारा अपवित्र, अशी ही विचित्र विभागणी हिंदू समाजाने शतकानुशतके सांभाळली.

सुपाचेच उदाहरण पुन्हा घेऊ. भाद्रपदात गौरी येतात तेव्हा कोकणात ओवसा असतो. घरची नवी सून बांबूची नवी सुपे भरून गौरीपुढे ओवसते, मग ती सुपे वडीलधाऱ्यांना आणि सुवासिनींना वाणाची म्हणून दिली जातात. देवीपुढे जाण्याचा मान त्या सुपाला आहे. पण ते सूप विणून आणणाऱ्या बुरुडाला अनेक गावांत अंगणाच्या कडेलाच थांबावे लागे आणि मोबदला म्हणून वरून पदरात पडेल ते भात घेऊन परतावे लागे. सूप आत गेले आणि बुरूड बाहेर राहिला. हे स्मरण कटू आहे, पण ते केल्याशिवाय आपल्या पूर्वजांच्या कल्पकतेचे गोडवे गाण्याचा अधिकार कोणाला पोहोचत नाही. ‘आपल्या पूर्वजांनी’ म्हणताना त्या पूर्वजांत बुरूड, कुंभार, लोहार, तांबट आणि चर्मकार प्रथम येतात, हे मनापासून मान्य करावे लागते.

या विभागणीचा तोटा केवळ सामाजिक न्यायाचा नव्हता. डोके आणि हात वेगळे पडले की ज्ञान वाढायचे थांबते. ज्याला लिहिता येत होते त्याला सूप विणता येत नव्हते, आणि ज्याला सूप विणता येत होते त्याला लिहिण्याची संधी नव्हती. त्यामुळे कोणत्या वयाचा बांबू कोणत्या कामाला, कामटी किती जाडीची, पाने कोणत्या ऋतूत तोडलेली टिकतात, यांपैकी काहीच ग्रंथात आले नाही. बाप मुलाला सांगे तेवढेच. मुलाने मुंबईची वाट धरली की एका पिढीत सारे पुसले जाते. आज महाड आणि पोलादपूर तालुक्यांत नेमके हेच घडते आहे, आणि त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. ज्या कामाने बापाला ना पैसा दिला ना प्रतिष्ठा, ते त्याने का करावे?

जून २०२५ मध्ये मिलानच्या एका फॅशन प्रदर्शनात ‘प्राडा’ या बड्या इटालियन कंपनीने कोल्हापुरी चपलेसारखी पादत्राणे मिरवली आणि मूळचा उल्लेखही केला नाही, तेव्हा महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली. ती योग्यच होती. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालेले होते. निषेधानंतर कंपनीने प्रेरणेचे मूळ भारतात असल्याचे मान्य केले. परंतु त्या दिवसांत जे तावातावाने बोलत होते त्यांच्यापैकी किती जणांनी त्याआधीच्या वर्षभरात कोल्हापूरच्या कारागिराकडून त्याच्या श्रमाचे पुरते मोल देऊन चपला घेतल्या होत्या, हे विचारायला हवे होते. परक्याने नाव घेतले नाही म्हणून राग येतो. घरच्यांनी कधीच नाव विचारले नाही याचे मात्र काही वाटत नाही.

वस्तू जपून ठेवण्याचे काम महाराष्ट्रात एका माणसाने एकट्याच्या बळावर केले. पुण्यातील दिनकर गंगाधर केळकर यांनी गावोगाव हिंडून दिवे, आडकित्ते, कुलपे, भांडी, वाद्ये अशा नित्योपयोगी वस्तू जमवल्या, अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या नावे संग्रहालय उभारले आणि १९७५ साली तो सारा संग्रह राज्य शासनाच्या स्वाधीन केला. त्या दालनांतून फिरताना सामान्य माणसाच्या कल्पकतेचे जे दर्शन घडते त्याला तोड नाही. जपानमध्ये असेच काम यानागी सोएत्सु या विचारवंताने केले. शेतकऱ्याची वाटी, कोळ्याची टोपली यांतील सौंदर्य त्यांनी जपानी समाजाला दाखवून दिले आणि १९३६ साली टोकियोत लोककलांचे संग्रहालय उघडले. पण जपानची गोष्ट तेथे थांबत नाही. सोएत्सु यांचे चिरंजीव सोरी हे औद्योगिक रचनाकार झाले. वडिलांनी जमवलेल्या वस्तूंच्या सहवासात वाढलेल्या या मुलाने त्या वस्तूंच्या प्रतिकृती केल्या नाहीत. त्यांच्यातला विवेक उचलून त्याने कारखान्यात बनणाऱ्या किटल्या, पळ्या, वाडगी, स्टूल नव्याने घडवले आणि ते जपानी घराघरांत पोहोचले. पुढे त्याच संग्रहालयाचे संचालकपदही त्यांच्याकडे आले. म्हणजे वडिलांनी जतन केले आणि मुलाने ते चालू ठेवले. महाराष्ट्राला केळकर लाभले, पण त्यांच्या पुढचा हा दुसरा अध्याय अद्याप नीटसा लिहिला गेलेला नाही.

अर्थात जुने ते सारे सोने असे म्हणणे हा दुसऱ्या टोकाचा भाबडेपणा होईल. चुलीला वैल जोडणाऱ्याची कल्पकता मान्य केली तरी त्या चुलीच्या धुराने किती स्त्रियांचे डोळे आणि फुप्फुसे निकामी झाली? पहाटे जात्यावर दळणाऱ्या आणि दुपारी उखळात कांडणाऱ्या बाईच्या खांद्यांना विचारले असते तर तिने त्या साधनांचे कौतुक केले नसते. विजेची गिरणी गावात आली त्या दिवशी तिनेच सुटकेचा श्वास टाकला. स्वयंपाक ओट्याशी उभ्याने होऊ लागला तेव्हा जमिनीवर बसून चिरण्यासाठी घडलेली विळी अवघडली आणि सुरीला जागा द्यावी लागली. यात संस्कृतीचा ऱ्हास वगैरे काही नाही. बसण्या-उठण्याची रीत बदलली की वस्तू बदलणारच. इरल्याच्या बाबतीतही हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पानांचे इरले भिजले की जड होते, उभे राहिले की वाऱ्याला सापडते, एसटीत घेऊन चढता येत नाही, आणि दर एक-दोन पावसाळ्यांनी त्याची डागडुजी करावी लागते. प्लॅस्टिकचा कागद डोक्यावरून घेऊन कमरेला दोरी बांधली की थोडक्यात काम भागते. पोलादपूरच्या बाईने तो कागद निवडला तो अडाणीपणाने नव्हे, हिशेब करूनच. तो हिशेब चुकला असेल तर तो तिच्या घरात नव्हे, शेताच्या बांधावर आणि ओढ्यात; तेथे फाटलेला कागद वर्षानुवर्षे तसाच अडकून राहतो. २०१८ साली महाराष्ट्र शासनाने प्लॅस्टिकबंदीचा निर्णय केला आणि जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. मात्र बंदी घालताना तिच्या पाठीवर दुसरे काय घालायचे, हे कोणी सांगितले नाही.

जुलै २०२१ च्या महापुरात सावित्री आणि गांधारीचे पाणी महाड शहरात शिरले. त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली. पाणी ओसरल्यावर रस्त्यांच्या कडेला घराघरांतून बाहेर टाकलेल्या सामानाचे ढीग लागले होते. गाद्या, दूरचित्रवाणी संच, शीतकपाटे, आणि भुसा दाबून बनवलेल्या फळ्यांची, पाणी पिऊन फुगलेली कपाटे. चिखलातून निघालेले पितळेचे पातेले मात्र चिंच-राखेने घासले की पुन्हा चुलीवर चढते. ज्या गावाला पुराची सवय आहे त्या गावासाठी फर्निचर कसे असावे, ते जमिनीपासून किती उंच असावे, सुटे करून माळ्यावर कसे नेता यावे, भिजले तर वाळवून पुन्हा कसे जोडता यावे, हा खरे तर रचनेचा प्रश्न आहे. मिलानमध्ये त्याचे उत्तर मिळणार नाही, कारण तो प्रश्न तेथे पडतच नाही.

याउलट ज्या ठिकाणी प्रश्न जवळून पाहिला गेला तेथे उत्तरेही निघाली आहेत, आणि ती महाडपासून फार दूर नाहीत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला वैभव विळा हे त्याचे बोलके उदाहरण. वजनाला हलका आणि करवतीसारखे बारीक दाते असलेला हा विळा वारंवार पाजळावा लागत नाही आणि त्याने भात जमिनीलगत कापता येते. जमिनीलगत कापणीचा फायदा असा की धसकटात दडून बसणाऱ्या खोडकिडीच्या अळ्यांना आसरा उरत नाही. म्हणजे पात्याचा आकार बदलला आणि पीकसंरक्षणाचा भागही साधला. त्याच विद्यापीठाचा नूतन झेला घ्या. पूर्वीच्या झेल्याने आंबा हिसकून काढला जाई, देठ तुटे, चीक सालीवर ओघळे आणि डाग पडून फळाचा भाव उतरे. नव्या झेल्यात पाते असे बसवले की फळ देठासकट कापले जाऊन अलगद जाळीत पडते. चारसूत्री भातशेतीत लावणीसाठी वापरली जाणारी खुणांची दोरी तर याहून साधी. ठरावीक अंतरावर खुणा केलेली ती एक दोरी, पण तिच्यामुळे रोपे ओळीत लागतात आणि खताच्या ब्रिकेटी नेमक्या चार चुडांच्या मध्ये खोवता येतात. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेत डॉ. आनंद कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला सराई कुकर मूठभर कांडी-कोळशावर एका कुटुंबाचा वरण-भात वाफेवर शिजवतो, आणि चुलीच्या धुराला दिलेले ते उत्तर आहे. जयपूरचा कृत्रिम पायही याच जातकुळीचा. रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी हे शल्यविशारद १९६० च्या दशकाच्या अखेरीस एकत्र आले. विलायती पायाने मांडी घालता येत नव्हती, उकिडवे बसता येत नव्हते, अनवाणी चालता येत नव्हते. त्या दोघांनी ते शक्य करून दाखवले. त्या पायाचे श्रेय डॉक्टरांइतकेच कारागिरालाही आहे, हे येथे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे.

मग इरल्याचे असे का होऊ नये? कच्चा माल दारात आहे. पूर्वी स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडायलाही वनखात्याचा परवाना लागे, कारण १९२७ च्या कायद्यात बांबू हा वृक्ष गणला जात होता. शास्त्राच्या दृष्टीने तो गवत आहे, हे कायद्याच्या गळी उतरायला २०१७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी झालेल्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू मोकळा झाला. सिंधुदुर्गात कुडाळच्या ‘कॉनबॅक’ने बांबूपासून घरे आणि फर्निचर करण्याचा उद्योग उभा करून कोकणचा बांबू काय करू शकतो हे दाखवले आहे. महाडच्या अलीकडे लोणेरे येथे तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्याच नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ पासून आहे. तेथील विद्यार्थ्यांनी एका पावसाळ्यात पोलादपूरच्या खाचरात उतरून लावणी करणाऱ्या बाईच्या पाठीचा कोन मोजावा, इरल्याचे भिजण्यापूर्वीचे आणि भिजल्यानंतरचे वजन घ्यावे, पानांऐवजी मेण लावलेले सुती कापड किंवा तागाचे लेपित कापड चालते का ते पाहावे, घडी होईल अशी बिजागरी कामट्यांतच विणता येते का ते बुरुडाला विचारावे. विचारावे, शिकवू नये. निदान पहिले वर्षभर तरी. आणि त्यातून जे निघेल त्यावर विद्यार्थ्याच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत त्या बुरुडाचे नाव असावे, विक्रीत त्याचा वाटा असावा. १९९९ च्या भौगोलिक मानांकन कायद्याची वाट येथेही आहे. ती लांबची असली तरी बंद नाही.

कोणी म्हणेल, लावणीची यंत्रे आली, बाई वाकणार तरी किती दिवस? यंत्र यावे, अवश्य यावे. वाकणे हा काही वारसा नाही. परंतु ज्यांनी पोलादपूरची उतरणीवरची खाचरे पाहिली आहेत, चार पावलांत संपणारे बांध आणि वळणे पाहिली आहेत, त्यांना तेथे यंत्र उतरायला किती वर्षे लागतील याचा अंदाज करता येईल. तोवर पाऊस थांबणार नाही.

विद्यापीठाची वाट न पाहता इरल्याने स्वतःहून एक पाऊल टाकलेले आहे, हे मात्र नोंदवले पाहिजे. कोकणात काही ठिकाणी आता बांबूचा सांगाडा तोच राहिला आहे, पण दोन पदरांच्या मध्ये पानांऐवजी प्लॅस्टिकचा कागद येतो. इरले हलके झाले, जास्त टिकू लागले, भिजून जड होईनासे झाले. आणि नुसता कागद अंगाला चिकटतो तसा हा चिकटत नाही, कारण कामट्यांची जाळी त्याला पाठीपासून दूर धरते. प्लॅस्टिकचा दोष त्यात आहेच. पण जुन्या सांगाड्यात नवे साहित्य बसवून पाहण्याचा हा प्रयोग कोणी केला, कोणत्या वाडीत प्रथम केला, त्याचे नाव काय, हे कोठेही लिहिलेले नाही. महाडच्या बाजारात असे इरले विकायला आले तर घेणारा किंमत विचारतो, घासाघीस करतो, डोक्यावर घेऊन पाहतो आणि निघून जातो.